उलट्याला सुलटी

वैशाखात मानमोडी आली आणि आठवड्याभरात जानकीचं खुराडं रिकामं झालं. सकाळी दार उघडलं की एकदोन कोंबड्या माना पिळून पडलेल्या असायच्या आणि उरलेल्या कोपऱ्यात डोळे मिटून झिंगत असायच्या. जानकीने हळद लावली, लसूण भरवला, शेवटी तर एकेकीला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजलं. पण त्या रोगाला दया नाही. सगळ्यांच्या शेवटी कोंबडा गेला. तांबडा, थोराड, उलट्या पिसांचा. इतर कोंबड्यांची पिसं शेपटीकडे जातात, याची सगळी मानेकडे वळलेली. तो चालायला लागला की पाठीमागून वारा सुटलाय असं वाटायचं. त्याला चिकूखाली पुरताना जानकी रडली, आणि रडता रडता तिची नजर कुंपणापलीकडे गेली.

पलीकडे जान्हवीच्या कोंबड्या मजेत उकिरडा उकरत होत्या. एकीचीही मान वाकडी नव्हती.

जान्हवी तिची धाकटी जाऊ. गिरणी बंद पडल्यावर सासरे, म्हणजे भाऊ, गोराईच्या या वाडीत राखणीला आले होते. पुढे मालकाने कोपऱ्याचा तुकडा त्यांच्या नावावर करून दिला. त्यावर आता दोन मुलांची दोन घरं होती आणि मधे कमरेएवढं काटक्यांचं कुंपण. जानकीचा नवरा चंद्रप्रकाश मरोळला कारखान्यात जायचा. वाडीतले वांग्या-मुळ्याचे वाफे, विहीर, चिकू, सगळं जानकीच्या अंगावर. तिच्या टाचांच्या भेगांत बारा महिने माती असायची. जान्हवी मात्र घाटकोपरच्या चाळीत वाढलेली. लग्न होईपर्यंत तिने जिवंत कोंबडी पाहिली ती खाटकाच्या पिंजऱ्यात. आता ती रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या चष्म्याच्या दुकानात जायची, आणि वर तिच्या कोंबड्या जगायच्या.

त्याचं कारण जानकीला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त जळत होतं. फाल्गुनात जान्हवीने बर्फात घालून लसीची बाटली आणली होती. एकेका कोंबडीला काखेत धरून तिने डोळ्यात थेंब टाकले, आणि कुंपणावरून हाक मारली होती, "वहिनी, तुमच्यांना पण टाकू का? बाटली उरलीय ना."

"माझ्या कोंबड्यांच्या डोळ्यांना काय झालंय गं?" जानकी म्हणाली होती. "चष्मे लावतेस की काय त्यांना?"

तेव्हा घरचे सगळे हसले होते. जान्हवीसुद्धा हसली होती. ते हसू आता जानकीच्या घशाशी येत होतं.

बरं, नुसत्या कोंबड्या गेल्या असत्या तर माणूस विसरतंही. पण शिमगा उरकला की या घराची राखण असायची. वाडीच्या टोकाला पिंपळाखाली चार दगड आहेत, तिथला राखणदार वाडी सांभाळतो. त्याला वर्षाचा मान म्हणून उलट्या पिसांचा कोंबडा द्यायचा, भाऊंनी गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्या खुराड्यातला कोंबडा त्या घरकरणीचं नाव त्या गाऱ्हाण्यात घ्यायचं. सासूने गावाहून डालग्यात आणलेलं हे बीज. सासू हयात होती तोवर नाव तिचं. मरायच्या आधी तिने खुराड्याची कडी जानकीच्या हातात दिली आणि तेव्हापासून नाव जानकीचं. पोटी मूल नाही, शिक्षण नाही, नवऱ्याला शब्द कमी. वर्षातून एकदा चारचौघांत देवासमोर आपलं नाव मोठ्याने उच्चारलं जातं, एवढीच काय ती तिची मोठी सून असल्याची खूण होती.

आणि आता जान्हवीच्या अंगणात एक उलट्या पिसांचा कोंबडा वाढत होता. ऐटबाज, मिशीदार माणसासारखा.

"येत्या शिमग्याक कोंबो जान्हवीच्या खुराड्यातलो," भाऊ पडवीत विडी ओढत म्हणाले. "बरो वाढलो आसा."

जानकी मुळ्याच्या जुड्या बांधत होती. तिने दोरी इतकी आवळली की मुळे मधोमध तुटले.

त्याच संध्याकाळी जान्हवी पदराखाली काहीतरी झाकून आली. अंडी होती. "वहिनी, ही घ्या ना. कोणाची तरी खुडूक कोंबडी आणून उबवायला ठेवा. दोन महिन्यांत खुराडं भरेल परत."

"ठेव तुझ्याकडेच," जानकी म्हणाली. "आम्ही अजून भीक मागायला लागलो नाही."

"भीक कसली यात? घरातल्या घरात..."

"नको म्हटलं ना."

जान्हवी अंडी घेऊन परत गेली. चंद्रप्रकाश जेवता जेवता म्हणाला, "एक वर्ष तिचा कोंबडा गेला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुमचं काय जातंय? तुमचं नाव कारखान्याच्या कार्डावर रोज छापून येतं."

त्याला काही कळलं नाही. त्याने आमटी वाढून घेतली.

जावा-जावा, हेवा-दावा म्हणतात ते उगाच नाही. पण जानकीच्या हेव्याला एक जुनं मूळही होतं. जान्हवी नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूने सांगितलं होतं, हिलाही चार कोंबड्या दे, हिचंही खुराडं होऊ दे. जानकीने चार दिल्या, पण चारही सुलट्या. साध्या, गुळगुळीत पिसांच्या, ज्यांना राखणीत काडीची किंमत नाही. उलट्या पिसांचं बीज आपल्या कुंपणाच्या आतच राहिलं याचा तिला कोण आनंद झाला होता. मग हिच्याकडे असा कोंबडा आला कुठून? आणला असणार बोरिवलीहून पैसे टाकून, असं जानकीने ठरवलं आणि त्यापुढे विचार केला नाही. मत्सर झाला की माणूस हिशेब नेमका सोयीच्या जागी थांबवतो.

ज्येष्ठात ती रिक्षाने मनोरीला मालनकडे गेली. मालन सुकट विकायची आणि मागच्या दारी कोंबड्या पाळायची. तिच्याकडे दोन तलंगा होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या, दोन्ही उलट्या पिसांच्या. जानकीचे डोळे चमकले.

"दोन्ही उलट्याच नेतेस?" मालन म्हणाली. "एखादी साधी ने त्यांच्याबरोबर."

"साध्या गल्लीभर पडल्यात."

जानकीचा बेत सरळ होता. सासूच्या खुराड्यात कोंबडा उलटा असायचा, कोंबड्या मात्र सुलट्या. त्यामुळे दर खेपेला निम्मी पिल्लं साधीच निघायची. उलटी तलंग निघालीच तर म्हातारी तिला रविवारच्या रश्श्यात घालायची, का ते कधी सांगायची नाही. जानकीला वाटलं, म्हातारीला अक्कल नव्हती. बापही उलटा आणि आईही उलटी असली, की खाण तशी माती. पिल्लू न् पिल्लू उलटं निघेल. मग फाल्गुनात भाऊंच्या पुढ्यात एक सोडून चार कोंबडे उभे करीन आणि म्हणेन, निवडा.

राहता राहिला कोंबडा. तो तर कुंपणापलीकडे होता.

सकाळी जान्हवी होडीला गेली की जानकी पदरात कण्या घेऊन कुंपणाशी जायची. काटक्यांच्या भोकापासून आपल्या अंगणापर्यंत कण्यांची रेघ ओढायची. कोंबडा मान वाकडी करून बघायचा, इकडे तिकडे दोन पावलं टाकल्यासारखं करायचा आणि मग टिपत टिपत यायचा. अंगणात आला की जानकी त्याला आणि तलंगांना मोठ्या डालग्याखाली झाकायची आणि दुपारी सोडून द्यायची. पाऊस असला की डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन ती त्या डालग्यावरच बसून राहायची. गुडघे ठणकायचे, कागदावरून पाणी मानेत उतरायचं. आपण वांग्यांची खुरपणी सोडून जावेचा कोंबडा चोरून झाकून बसलोय हे तिला कळत होतं. लाज वाटत होती. लाजेपेक्षा मोठं काहीतरी तिला बसवून ठेवत होतं.

एकदा पडवीतून भाऊंनी विचारलं, "जानकी, कोणाक चारतंस गो?"

"चिमण्यांना."

"चिमण्यो इतक्यो कण्यो खातत?"

त्याच वेळी डालग्याखालून कोंबड्याने खणखणीत बांग दिली. भाऊ खोकले, की हसले, ते तिला नीट समजलं नाही.

श्रावणात तलंगा अंड्यावर आल्या. एक खुडूक झाली तशी जानकीने दोघींची अंडी तिच्याखाली घातली, राखेत बसवलेल्या टोपलीत. गणपतीच्या दिवसांत पिल्लं फुटली. पिवळी, मऊ, सगळी सारखी. जानकीने देवापुढचा मोदक आणून त्यांच्या आईला चारला. आठवड्याभरात पंखांवर पहिली पिसं आली आणि ती बाहेरच्या बाजूला वळायला लागली. जानकी पिल्लं तळहातावर घेऊन उन्हात निरखायची आणि पिसं उलटी दिसली की गालातल्या गालात हसायची. त्या दिवसांत ती जान्हवीशीही गोड बोलली. "दुकानात फार उभं राहावं लागतं ना गं?" असंसुद्धा विचारलं. जान्हवी चकित झाली.

मग वाट लागली.

आठ पिल्लं जगली होती. त्यातल्या दोघांची पिसं गुळगुळीत, अगदी बाजारी कोंबडीसारखी. आई उलटी, बाप उलटा आणि हे दोघे सुलटे! दोन्ही नर. चौघांची पिसं छान वळली होती, पण चारही माद्या. आणि उरलेली दोघं, तेही नर, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांची पिसं यायची ती तारेसारखी पिळवटलेली, हात लावला की तुटायची. दसऱ्यापर्यंत ते दोघे जवळजवळ उघडे झाले. तांबडी, सुरकुतलेली कातडी, त्यावर चारदोन काड्या. दिवसभर आईच्या पोटाखाली घुसायला बघायचे, आणि आता वाढलेले म्हणून आई टोचून हाकलायची.

जानकीने त्यांना तेल लावलं, कडुनिंबाच्या पाण्याने पुसलं. उवा झाल्या असतील म्हणून खुराडं धुरावलं. काही केल्या पिसं टिकेनात. शेवटी चंद्रप्रकाशचा जुना बनियन कापून तिने दोघांना आंगडी शिवली. शिवताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. एवढं करूनही नेमका एक धड उलटा कोंबडा मिळू नये? दृष्ट लागली. कोणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी जान्हवी विहिरीवर कपडे धूत होती. भाऊ जवळच शहाळं सोलत बसले होते. जानकी दोन्ही उघडे कोंबडे दोन हातांत घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. आंगडी घातलेले ते दोघे गळे काढून ओरडत होते.

"झालं समाधान?" जानकी म्हणाली. "बघ, नीट बघून घे. तुझ्या नजरेने काय केलं ते."

"माझ्या नजरेने?" जान्हवीच्या हातातला साबण घसरला. "मी काय केलं वहिनी?"

"तू रोज कुंपणावरून वाकून बघत होतीस. माझं खुराडं भरलेलं तुला बघवलं नाही. नाहीतर सांग, आई उलटी, बाप उलटा, मग पोरं अशी भिकाऱ्यासारखी का निघावीत?"

"बाप उलटा?" जान्हवी हळूच म्हणाली. "तुमचा कोंबडा तर वैशाखातच गेला ना. मग बाप कोण?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विहिरीचा रहाट, कपडे, भाऊंचा कोयता, सगळं थांबल्यासारखं झालं. आता ही बोंब मारणार, संध्याकाळी नवऱ्याला, नितेशला सांगणार, मग तिच्या माहेरापर्यंत जाणार, की मोठी जाऊ कोंबडा चोरते.

पण जान्हवी फिसकन हसली. "अहो, मला माहीत होतं. रोज संध्याकाळी मी घरी आले की तो पोट फुगवून बसलेला असायचा. कण्या खाऊन खाऊन पार आळशी झाला मेला. मी म्हटलं, जाऊ दे ना. बापाच्याच घरी जातोय."

"कोणाच्या बापाच्या?"

"त्याच्या. तुमचा तांबडा नव्हता का, तो सारखा भोकातून आमच्याकडे यायचा. तुम्ही दिलेल्या त्या काळ्या कोंबडीचा आणि त्याचा हा पोरगा. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

जानकी बघत राहिली. बोरिवलीचा नाही, विकतचा नाही. चालताना छाती काढायची ती ढब, तो तुरा, ते तांबडेपण. दोन महिने ती रोज त्याला डालग्याखाली झाकत होती आणि आपल्याच कोंबड्याचा मुलगा तिला ओळखू आला नव्हता.

भाऊंनी कोयता बाजूला ठेवला. "आण बघू तो," म्हणत त्यांनी एक उघडा कोंबडा मांडीवर घेतला, आंगडं वर करून कातडी चाचपली. "नजर नाय आणि करणीय नाय. तुझी सासू उलटी तलंग कधी ठेयी नाय, कित्या म्हायत आसा? उलट्याक सुलटीच व्हयी. उलटेपण एकाच बाजून इला तर पिसा वळतत, शोभतत. दोनय बाजून इला तर पिसाक धर नाय रवणा. गळान जातत."

"मग हे दोन साधे कसे निघाले?" जानकीचा आवाज बारीक झाला होता.

"उलट्याच्या पोटात सुलटा लपान बसलेला आसता गो. आवशीतसून एक, बापाशीतसून एक, दोनय सुलटी एकाच पिलाक गावली, की झाला साधा." त्यांनी कोंबडा परत तिच्या हातात दिला आणि विडीसाठी खिसा चाचपला. मग स्वतःशीच हसल्यासारखे म्हणाले, "नितेशाक बायल बघूक गेलो तेवा तुझी सासू म्हणाली, मोठी सून उलट्या पिसाची गावली आसा. आता धाकटी सुलटी बघूया. दोनय उलटी इली तर घराची पिसा गळतली."

जान्हवीने जीभ चावली आणि पिळलेलं लुगडं पुन्हा पिळायला घेतलं. जानकी दोन्ही कोंबडे काखेत मारून घरी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की या घरात सरळ आपण एकट्याच, बाकी सगळी उफराटी. आणि म्हातारीने ते पार दुसऱ्या बाजूने बघून ठेवलं होतं. गंमत अशी, की ज्या सुलट्या कोंबड्या जळकेपणाने जावेच्या गळ्यात मारल्या, त्यांच्यामुळेच जान्हवीचा कोंबडा धड निघाला.

थंडीत एक उघडा कोंबडा गेला. दुसरा आंगड्यात तगला आणि जानकी भाकऱ्या भाजायला बसली की चुलीपाशी येऊन बसायला लागला. माघात तिने दोन सुलट्या नरांतला एक विकला, एक ठेवला आणि त्याला चार उलट्या तलंगांत सोडला. भाऊंनी पडवीतून पाहिलं आणि नवी विडी पेटवली.

शिमगा झाला. राखणीच्या दिवशी सकाळी पिंपळाखाली सारवण झालं. नारळ, विडा, विड्यांचं बंडल, गावठीची छोटी बाटली मांडली. नितेशने कोंबडा धरून आणला. उन्हात त्याची वळलेली पिसं तांबूस सोन्यासारखी दिसत होती. जानकी वड्यांचं पीठ मळून आली होती, हात अजून चिकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती इथे नुसती उभी राहायला आली होती.

भाऊंनी डोक्याला टॉवेल गुंडाळला. "नाव जान्हवीचा मा?"

"भाऊ," जान्हवी चटकन म्हणाली, "वहिनींचं घ्या. बीज त्यांचंच आहे ना. माझ्याकडे नुसता वाढला."

सगळे जानकीकडे बघायला लागले. नाव समोर ताटात वाढून ठेवलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि तिला आत्ता जान्हवीचा जेवढा राग आला तेवढा मानमोडीतही आला नव्हता. हिच्या कोंबड्या जगतात, ही चोरी पकडून हसते, आणि आता मोठेपणही हिनेच घ्यायचं! द्यायलासुद्धा काही आपल्यापाशी ठेवायचं नाही!

"काही नको," जानकी भांडल्यासारखी म्हणाली. "डोळ्यांत औषध मी नाही घातलं, तिने घातलं. कोंबडा तिचा. नाव तिचंच घ्या."

"अहो पण वहिनी..."

"तू गप गं. दर वेळी तूच काय द्यायचं?"

भाऊंनी दोघींकडे एकदा पाहिलं आणि हात जोडले. कोंबड्याच्या चोचीपुढे तांदूळ टाकले. त्यांचा म्हातारा आवाज हळूहळू चढत गेला. "बा म्हाराजा, ह्या वाडयेच्या राखणदारा, वर्साचो मान घेवन तुझी लेकरा पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"पाण्याक, पिकाक, पोराबाळांक, होडयेन जातल्या-येतल्याक सांभाळ कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या खुराड्यातलो ह्यो कोंबो, त्या खुराड्याची घरकरीण, तुझी लेक जान्हवी, तिका बरकत दी..."

"व्हय म्हाराजा!" चंद्रप्रकाश म्हणाला, नितेश म्हणाला. जान्हवी डोळे मिटून उभी होती.

जानकीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. भाऊ पुढचं वाक्य सुरू करेनात. हात जोडून, मान खाली घालून ते नुसते थांबले. कोंबडा तांदूळ टिपत होता. जानकीने त्याच्याकडे पाहिलं, आपल्या तांबड्याच्या त्या पोराकडे, आणि पदराने तोंड पुसलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. सगळ्यांच्या मागून, एकटीच, आणि इतक्या मोठ्याने की तिकडे अंगणात आंगड्यातला कोंबडा दचकून ओरडला.